मध्ये कोणी येऊ नका!

मी एक जुना अवरक्त डोळा आहे आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आत्मवृत्त सांगायला बसलेल्या वस्तू बहुतेक वेळा पहिल्याच वाक्याला गळा काढतात. फुटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची रडते. मी रडणार नाही. रडण्यासारखं मी काही केलेलंच नाही.

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा कसला डोळा? काड्यापेटीएवढी काळी डबी, पुढे गडद लाल काच, मागे लांब वायर. वायर कॉम्प्युटरला जोडायची आणि काच ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे करायची, एवढंच माझं शास्त्र. काचेमागे एक बारीक दिवा आहे. तो सेकंदाला हजारो वेळा लागतो आणि विझतो, पण त्याचा उजेड तुम्हाला दिसत नाही. तांबड्या रंगाच्या पलीकडचा उजेड तो. त्यालाच अवरक्त म्हणतात, किंवा इन्फ्रारेड. टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला जो दिवा असतो तो माझा चुलतभाऊ, पण आमचं फारसं पटत नाही. तो नुसता हुकूम सोडतो. समोरच्याने ऐकलं की नाही, याची त्याला फिकीर नसते. मी बोलतो आणि मग गप्प बसून ऐकतो. "समजलं?" असं विचारतो. समोरून "समजलं" आलं तरच पुढचं वाक्य. नाही आलं तर तेच वाक्य पुन्हा, न कंटाळता. तुमच्यापैकी कितीजणांना हे जमतं ते आपापल्या आईला विचारा.

लोक माझे दोष मात्र बोटांवर मोजतात. हातभर अंतरापलीकडे माझं काही चालत नाही. समोरासमोरच ठेवावं लागतं, जरा तोंड फिरवलं की बोलणं संपलं. मध्ये कोणी आलं की तुटलं. भिंत तर सोडाच, मला साधा पुठ्ठाही ओलांडता येत नाही. आणि ऊन आलं की माझी पंचाईत होते, कारण उन्हात माझ्याच जातीचे किरण भरमसाट असतात आणि त्या गोंगाटात माझी कुजबुज कोणाला ऐकू जाणार? हे सगळं खरं आहे. याला दोष म्हणायचं की स्वभाव, ते पुढची हकिगत ऐकून ठरवा.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. दोन्ही बाजूंना हातात चिमटे घेतलेल्या बायका बसलेल्या होत्या आणि टेबलाच्या टोकाला चष्मा लावलेली एक तपासनीस बाई होती. तिने मला माझ्यासारख्याच दुसऱ्या डोळ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "बोल." मी पहिला प्रश्न विचारला, "कोणी आहे का?" समोरून उत्तर आलं, "आहे." बाईने हिरवा शिक्का मारला आणि मला खोक्यात टाकलं. त्या एका शब्दावर मी पास झालो. आजही माझं काम तिथूनच सुरू होतं. आधी विचारायचं, कोणी आहे का.

त्या काळी आमचा फार रुबाब होता. ऑफिसातली माणसं आपापले फोन टेबलावर डोक्याला डोकं लावून ठेवायची आणि एका फोनातले नंबर दुसऱ्यात जाईपर्यंत श्वास रोखून बघत बसायची. कोणी टेबलाला धक्का दिला तर त्याच्यावर सगळे खेकसायचे. माझे कितीतरी भाऊबंद तिकडे मिरवले. मी मात्र बूटकाकांच्या कारखान्यात आलो.

कारखाना म्हणायचा एवढंच. रस्त्यालगतची एक खोली, चामड्याचा आणि तळ चिकटवायच्या सोल्युशनचा वास, भिंतीवर ओळीने टांगलेले लाकडी पाय. बूट ज्या साच्यावर चढवतात ते हे कलबूत. काकांच्या हाताशी चामडं कापायची रापी, टोचायची आरी, घासायची कानस. पण इथे दुकानात मिळतात तसले बूट होत नसत. ज्यांचा पाय आत वळलाय, ज्यांचा एक पाय आखूड आहे, ज्यांना चालताना दुखतं, त्यांचे बूट काका करत. गिऱ्हाइकं बहुतेक लहान मुलं. काकांची मुलगी हाताखाली होती. कॉम्प्युटर तिच्याकडे. तिला सगळी मुलं ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो.

माप घ्यायला एक पाट होता. लाकडी नव्हे, राखाडी रंगाचा, खाली सेल बसवलेला. मूल त्याच्यावर उभं राहिलं की पायाच्या कुठल्या भागावर किती भार पडतो ते तो टिपून घ्यायचा. पण डगमगत चालणाऱ्या मुलांच्या पायात वायर आली तर ती तोंडघशी पडणार. म्हणून ज्या कोणी तो पाट बनवला त्या शहाण्या माणसाने त्याला वायर लावलीच नाही. त्याच्या कडेला माझ्यासारखाच एक डोळा बसवला. पाट मला सांगायचा आणि मी कॉम्प्युटरला.

त्यासाठी काकांनी जमिनीला एक ठोकळा ठोकून घेतला होता, पाटापासून बरोबर हातभर अंतरावर. माझी जागा तिथे. मूल उभं राहिलं की काका खिडकीचा जाड काळा पडदा ओढायचे, मला ठोकळ्यावर ठेवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "मध्ये कोणी येऊ नका!" मग अख्खी खोली स्तब्ध व्हायची. चपलेला टाका घालायला आलेला दुकानदार दारातच थांबायचा. रडणारी तान्हीसुद्धा का कोण जाणे गप्प व्हायची. अर्धं मिनिट लागायचं. त्या अर्ध्या मिनिटात त्या एका पोराच्या पायापेक्षा महत्त्वाचं काही नसायचं. एवढा मान मिळालेला पाय मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

माप झालं की काका मुलासमोर उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि त्याच्या तळव्यावरून अंगठा फिरवायचे. आमचं माप आणि त्यांचा अंगठा जुळला की म्हणायचे, "बरोबर." तेव्हा मला फार बरं वाटायचं.

टकटक ही मुलगी आमच्याकडे आली तेव्हा चार वर्षांची होती. तिचा डावा पाय दोन बोटं आखूड होता आणि आत वळलेला. सगळा भार बाहेरच्या कडेवर पडायचा. तिच्या डाव्या बुटाला जाड तळ होता, त्यामुळे चालताना एक पाऊल टक वाजायचं आणि दुसरं ठक. शाळेत कोणीतरी चिडवायला नाव पाडलं. ही बया घरी येऊन रडली नाही. नाव विचारलं की स्वतःच सांगायला लागली, "टकटक." मग चिडवणाऱ्यांचीच बोलती बंद झाली. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिच्या पायाचं चित्र उमटायचं ते बाहेरच्या कडेने वाकलेलं, लांबोडकं. ती त्याला म्हणायची, "माझं केळं." दर तीन-चार महिन्यांनी माप व्हायचं, काका भार आत ढकलण्यासाठी बुटाच्या बाहेरच्या कडेला चामड्याची पाचर द्यायचे आणि केळं हळूहळू सरळ व्हायचं. तीन वर्षांत अकरा मापं झाली. सगळी माझ्यातून गेली.

आणि मग नवा पाट आला. कानामागून आला आणि तिखट झाला. त्याला माझ्यासारख्या डोळ्याची गरज नव्हती. तो रेडिओ लहरींवर बोलायचा. चहूकडे, कोपऱ्यातून, पाठमोरा, भिंतीपलीकडेसुद्धा. विकायला आलेल्या माणसाने त्या सकाळी तसलेच दोन पाट विकले. एक आम्हाला आणि एक भिंतीला भिंत लागून असलेल्या व्यायामाच्या केंद्रात, जिथे एक बाई मुलांकडून हातापायांचे व्यायाम करून घेत. दोन्ही पाट चालतात की नाही ते त्याने ताईच्याच नव्या लॅपटॉपवर दाखवलं. "आता पडदा नको, ठोकळा नको, आरडाओरडा नको," तो म्हणाला. ताईला ते पटलं. कोणालाही पटलं असतं.

संध्याकाळपर्यंत पडद्याची फडकी झाली. जुना पाट पाण्याच्या पिंपाखाली गेला. माझा कॉम्प्युटर, म्हणजे जुना लॅपटॉप, दारामागे. मला खणात टाकलं, वाकडे खिळे, मेणाचा गोळा आणि सोल्युशनची गळकी ट्यूब यांच्या संगतीला. काका खण लावताना म्हणाले, "जुनं ते सोनं." मला त्या बोलण्याचा राग आला. सोनं तिजोरीत पडून राहतं. मी कामाची वस्तू आहे.

खणाला फट होती, तिच्यातून मला सगळं ऐकू यायचं. एका शुक्रवारी सकाळी टकटक आली. ती आता सात वर्षांची झाली होती. नव्या पाटावर उभी राहिली आणि चुटकीसरशी माप आलं. ताई ओरडलीच, "बाबा, बघा तरी! भार आतल्या बाजूला आलाय! पाय सरळ होऊन पार पलीकडे झुकलाय!"

टकटकची आई बस चालवते. ती गणवेशातच आली होती. तिने लेकीला उचलून गरकन फिरवलं. सगळे हसत होते. तेवढ्यात टकटक म्हणाली, "हे माझं केळं नाहीये. ही वीट आहे."

"अगं, म्हणजे तुझा पाय बरा होतोय," ताई म्हणाली आणि सगळे आणखी मोठ्याने हसले.

काकांनी रिवाजाप्रमाणे अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. "अंगठा काही वेगळंच सांगतोय मला," ते हळूच म्हणाले. पण दोन महिन्यांपूर्वी रापी लागून त्यांच्या अंगठ्याचं टोक सुन्न झालं होतं. ताई म्हणाली, "बाबा, भार कुठे पडतो ते यंत्राला जास्त कळतं." काकांनी पाय खाली ठेवला. त्यांनी त्या विटेप्रमाणे बूट केला आणि पाचर बाहेरून काढून आतल्या कडेला दिली. मी खणात होतो. ओरडता येत असतं तर ओरडलो असतो.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी दुपारी, पुन्हा टक-ठक ऐकू आलं. आवाज बिघडला होता. ठक जड झालं होतं आणि मध्ये पाय घासल्याचा आवाज होता.

आईची दोन फेऱ्यांमधली तासाभराची सुट्टी होती. तिने बूट काढून काकांपुढे ठेवला. "काका, मी भांडायला आले नाहीये," ती म्हणाली. "पण पायाला घट्टा पडलाय, कातडी सोललीय आणि पाय पहिल्यापेक्षा वाकडा झालाय. डॉक्टर म्हणाले, असंच असेल तर हाड कापून सरळ करावं लागेल. मंगळवारी तारीख देणार आहेत. तीन महिने प्लास्टर. सात वर्षांचं पोर हो माझं."

काकांनी बूट उलटा करून आतली पाचर चाचपली. मग म्हणाले, "दोष माझाच आहे. अंगठा गेला माझा. तू हिला दुसरीकडे दाखव."

"दुसरीकडे कुठे?" आई म्हणाली. "इतकी वर्षं तुमच्याकडे येतेय."

ताई मध्ये पडली. "थांबा, आपण माप तरी पुन्हा घेऊ. टकटक, चल, उभी राहा बघू पाटावर."

"नाही."

"अगं, असं काय करतेस?"

"त्याच्यावर नाही उभी राहणार. तो खोटारडा आहे."

"यंत्र कधी खोटं बोलतं का?"

"माझं केळं होतं आणि त्याने वीट दाखवली. मी तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही सगळे हसलात." ती जागची हलली नाही. "मला माझा जुना पाट पाहिजे."

आई म्हणाली, "हट्ट करू नकोस." ताई म्हणाली, "तो पिंपाखाली आहे गं." पण काकांनी मान वर केली. ते म्हणाले, "खण उघड."

अडला हरी, गाढवाचे पाय धरी, मित्रांनो. मी गाढव तर गाढव! पण या गाढवाला तेव्हा खरोखर भीती वाटत होती. इतके महिने मी एक अक्षर बोललो नव्हतो. मंगळवारी एका मुलीचं हाड कापायचं की नाही ते ठरणार होतं आणि मला माझी काचसुद्धा दिसत नव्हती. ट्यूबमधलं सोल्युशन गळून काचेवर वाळलं होतं.

काकांनी मला उचलून फडक्याने पुसलं. ते फडकं नेमकं काळ्या पॉलिशचं निघालं. "वा! दुष्काळात तेरावा महिना," ते पुटपुटले. मग सदऱ्याच्या टोकाने पॉलिश काढलं आणि नखाने सोल्युशनचा पापुद्रा सोलला. ताईने पिंप बाजूला सारून पाट काढला. आतले सेल फुटून गंजले होते. काकांनी कानशीने पत्र्या खरवडल्या आणि भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून पाटात घातले. जुना लॅपटॉप दारामागून आला आणि बराच वेळ घेऊन सुरू झाला. टकटक बूट काढून पाटावर चढली. मला ठोकळ्यावर ठेवलं.

"कोणी आहे का?" मी विचारलं.

काही नाही. खिडकीतून दुपारचं ऊन थेट माझ्या काचेवर पडत होतं आणि पडदा तर राहिलाच नव्हता.

"बघितलंत ना, बाबा?" ताई म्हणाली. "याला ऊन चालत नाही, लांबून चालत नाही, वाकडं चालत नाही. याचे किती लाड करायचे?"

"त्याला फक्त समोर बसावं लागतं," काका म्हणाले. "बसू की. आपल्याला कुठे जायची घाई आहे?"

टकटकच्या आईला घाई होती, तिची बस सुटायची होती. पण तिने काही न बोलता गणवेशाचं जाकीट काढलं, खिडकीपाशी गेली आणि दोन्ही हात वर करून ते खिडकीभर ताणून धरलं. काकांनी उरलेल्या फटीपुढे स्वतःचा एप्रन धरला. खोलीत अंधार झाला.

"कोणी आहे का?"

"आहे," पाट म्हणाला. त्याचा आवाज क्षीण होता, पण तोच होता.

काका खिडकीपासूनच ओरडले, "मध्ये कोणी येऊ नका!"

चित्र वरून खाली, एकेक ओळ करून उमटू लागलं. आधी बोटं आली. मग चवडा. तेवढ्यात ताई नीट बघायला पुढे वाकली आणि तिची ओढणी माझ्या आणि पाटाच्या मधून गेली. बोलणं तुटलं. कॉम्प्युटरचा पडदा कोरा. "सॉरी, सॉरी," ती मागे सरकली. मी चिडलो नाही. तेच वाक्य पुन्हा सुरू केलं, पहिल्यापासून. बोटं, चवडा. समजलं? समजलं. पुढची ओळ. समजलं? सेल कमजोर होते, पाट एकेक शब्द ओढून काढत होता. आईचे हात भरून आले होते, पण जाकीट खाली आलं नाही. तळव्याची ओळ आली. आतली बाजू रिकामी. भार बाहेरच्या कडेला. पुढची ओळ, पुन्हा बाहेरच्या कडेला. मग टाच.

"केळं!" टकटक किंचाळली.

खरंच केळं होतं आणि पूर्वीपेक्षा जास्त वाकलेलं. ताईने त्याच लॅपटॉपमधली आधीची अकरा चित्रं एकाखाली एक लावली. अकराही केळी एकाच पायाची होती हे आंधळ्यालाही कळलं असतं. मध्ये कुठेच वीट नव्हती.

"मग ती वीट कोणाची?" काकांनी विचारलं.

ताईने नवा लॅपटॉप उघडला. पाटांच्या यादीत एकच नाव दोनदा होतं. ती ते बघत राहिली आणि तिचा चेहरा उतरला. "मला वाटलं, एकाच पाटाचं नाव दोनदा दिसतंय," ती म्हणाली. "पण दुसरं शेजारच्या पाटाचं आहे. जो पाट आधी जागा होईल त्याचं माप हा लॅपटॉप घेत होता." आणि ती तशीच अनवाणी शेजारच्या केंद्रात धावली.

व्यायाम घेणाऱ्या बाई तिच्याबरोबरच आल्या. "त्या शुक्रवारी सकाळी ना?" त्या म्हणाल्या. "एका मुलाला उभं केलं होतं मी. सपाट पावलांचा आहे तो. पण माझ्याकडे काही आलंच नाही. म्हटलं, सेल गेले असतील. पुन्हा घेतलं."

भिंतीला कान असतात असं म्हणतात. त्या दिवशी कळलं की भिंतीतून पायही येतात. नव्या पाटाने पलीकडच्या पोराचा पाय अलीकडे आणून टकटकच्या नावावर टाकला होता आणि आम्ही सगळे ती सुधारणा समजून हसलो होतो. मला भिंत ओलांडता येत नाही, खरं आहे. म्हणूनच माझ्यातून दुसऱ्याचा पाय कधी आत आला नाही. जो समोर उभा असेल, त्याचाच पाय मी सांगतो.

ताई टकटकच्या समोर बसली. "तू सांगितलं होतंस आणि मी हसले," ती म्हणाली. "चुकलं माझं."

"मीपण चुकलो," काका म्हणाले. "माझा अंगठा ओरडून सांगत होता. मी त्याला म्हातारा म्हटलं." त्यांनी टकटकचा पाय हातात घेतला, डोळे मिटले आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "बरोबर." इतक्या महिन्यांनी तो शब्द ऐकला आणि रडणार नाही असं सुरुवातीला म्हटलं होतं, तरी माझी काच जराशी धूसर झाली. ती पॉलिशमुळे, असं समजा.

रविवारी आणि सोमवारी कारखान्याचं दार बंद होतं आणि आत हातोडी चालू होती. सोमवारी संध्याकाळी बूट तयार झाला, पाचर बाहेरच्या कडेला आणि घट्ट्याच्या जागी मऊ चामडं. मंगळवारी काका, ताई आणि आई तिघंही टकटकबरोबर डॉक्टरांकडे गेले. बरोबर विटेचं चित्र नेलं आणि केळ्याचीही. परत आल्यावर ताईने मला सगळं सांगितलं, म्हणजे ती शेजारच्या बाईंना सांगत होती आणि मी ऐकलं. डॉक्टरांनी चित्रं उलटसुलट करून पाहिली, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "तीन महिने देतो. पाय सरळ होऊ लागला तर ठीक, नाहीतर हाड कापावंच लागेल."

ते तीन महिने मी सुखाने काढले असं कोणी समजू नये. दर पंधरवड्याला टकटक पाटावर उभी राहायची, पडदा ओढला जायचा (ताईने नवा शिवून घेतला होता, पहिल्यापेक्षा जाड), आणि मी प्रत्येक ओळ घाबरत घाबरत पुढे सरकवायचो. पहिल्या दोन मापांत काहीच फरक नव्हता. तिसऱ्यात केळ्याच्या आतल्या बाजूला एक पुसट डाग आला. काका म्हणाले, "हा बघ, टेकायला लागला." सहाव्या मापाला तो डाग बोटाएवढा झाला होता. ते चित्र घेऊन आई डॉक्टरांकडे गेली आणि दुपारच्या फेरीला जाताना तिने आमच्या दारासमोर बस जराशी हळू करून हॉर्न वाजवला, तीनदा. हाड कापायचं नव्हतं.

नव्या पाटाशी माझं वैर नाही. ताईने यादीतलं दुसरं नाव काढून टाकलं, आता तो नीट काम करतो आणि झटपट करतो. पण नवं मूल आलं की पहिलं माप माझ्याकडे. आणि कुठलंही चित्र बघून एखादं मूल "हे माझं नाही" म्हणालं तरी माझ्याकडे. हा नियम काकांनी भिंतीवर खडूने लिहिला आहे.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू हात जोडून म्हणते, माझी काळजी घ्या. मी हात जोडणार नाही. मला हात नाहीत आणि असते तरी जोडले नसते. माझी काच कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसा, काम नसेल तेव्हा पाटातले सेल काढून ठेवा आणि सोल्युशनच्या ट्यूबला झाकण लावा. ही विनंती नाही, हे कामाचं बोलणं आहे. आणि तुमच्याहून लहान कोणी ओठ बाहेर काढून म्हणालं की "असं नाहीये", तर हसायच्या आधी त्याच्यासमोर हातभर अंतरावर बसा. लांबून ओरडून विचारू नका. मध्ये कोणाला येऊ देऊ नका. त्याचं एकेक वाक्य ऐका आणि समजलं नाही तर पुन्हा विचारा. मला हे आयुष्यभर जमलं आहे. तुम्हाला तर पायही आहेत, तुम्ही उठून जवळ जाऊ शकता.

परवा कारखान्यात एक मोठी मुलगी आली. दोन्ही पावलं एकसारखी वाजत होती, म्हणून मी ओळखलंच नाही. तिने पाण्याच्या पिंपाला वळसा घातला, पडदा स्वतःच ओढला, बूट काढले आणि पाटावर चढली. काका आता थकले आहेत, ते खुर्चीतूनच बघत होते. ती मोठ्याने म्हणाली, "मध्ये कोणी येऊ नका!" तेव्हा मला कळलं, ही टकटक! डाव्या बुटाचा जाड तळ आता मऊ रबराचा होता, म्हणून ठक वाजलं नव्हतं.

"कोणी आहे का?" मी विचारलं. पाट म्हणाला, "आहे."

ओळी उमटत गेल्या. बोटं, चवडा, आतल्या बाजूला भार, बाहेरच्या बाजूला भार, टाच. ती वाकून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "हे माझं केळं नाहीये!" सगळे हसले. काका हसता हसता डोळे पुसायला लागले. ती स्वतःही हसली.

या वेळी हसायला हरकत नव्हती. तरी मी शेवटची ओळ पुन्हा एकदा तपासून घेतली. समोर तीच होती आणि मध्ये कोणी नव्हतं.